पाना कोण फिरवतंय?

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. मष्णूमामाची. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची तर नाहीच नाही. खोटं वाटत असेल तर सरळ वडगावात जा आणि मामाला विचारा. तो काही सांगणार नाही, उलट दोन शिव्या घालेल. पण दुपारी बारानंतर त्याच्या शटरसमोर नुसती दहा मिनिटं उभे राहा...

मग मला खोटारडा म्हणा.

तारीख पक्की सांगतो. मंगळवार, एक ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. वेळ दुपारी सव्वाबारा. हो, भर दुपारी! डोक्यावर ऊन होतं आणि गल्लीत वाळत घातलेल्या पापडांवर कावळे टपून बसले होते. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं वाटून घ्यावं.

ठिकाण बेळगावातलं वडगाव. तिथं घराघरात विजेवर चालणारे माग आहेत. सकाळी सातला खडखड सुरू होते ती रात्रीच्या जेवणापर्यंत. शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. पण त्या आठवड्यात लाईनचं काम चाललं होतं. रोज बारा ते तीन करंट नसायचा. बाराच्या ठोक्याला सगळे माग एकदम बंद पडायचे.

आणि मग जी शांतता पसरायची... तिची त्या गल्लीला सवयच नव्हती.

त्या गल्लीच्या टोकाला आण्णाप्पा मिस्त्रींचं गॅरेज. साध्या गाड्यांना तिथं कुणी विचारत नाही. तिथं येतात ती रेसची इंजिनं. कोल्हापूर, गोवा, हुबळी, कुठून कुठून. आणि येतात ती एकाच कामासाठी. टायमिंग.

आता हे थोडं समजून घ्या, फार अवघड नाही. इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोघांना एका चेननं बांधलेलं असतं. व्हॉल्व्ह नेमका कधी उघडणार हे सगळं त्या दोघांच्या मेळावर. आपल्या घरच्या गाडीत तीन-चार डिग्री इकडंतिकडं झालं तर कुणाच्या बापाला कळत नाही. रेसच्या इंजिनात मात्र तेवढ्यानं सगळी मजा जाते.

तो फरक मोजायचा कसा? क्रँकच्या तोंडाला आकड्यांची गोल चकती लावायची. वर व्हॉल्व्हच्या डोक्यावर डायल बसवायचा. मग एकानं लांब पाना घेऊन क्रँक हातानं हळूहळू फिरवायचा. दुसऱ्यानं समोर स्टुलावर बसायचं, डायलच्या काट्यावर नजर ठेवायची, काटा माथ्याला टेकला, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता उघडला, की "थांब" म्हणायचं आणि चकतीवरचा आकडा लिहून घ्यायचा.

एक फिरवणारा, एक वाचणारा.

वाचणारे आण्णाप्पा मिस्त्री. आणि फिरवणारा माझा मामा. बावीस वर्षं!

मामा नंदगडच्या पलीकडच्या खेड्यातला. अठराव्या वर्षी पिशवी घेऊन बेळगावात उतरला आणि सरळ मिस्त्रींच्या हाताखाली लागला. मिस्त्रींचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मष्ण्या, पुढंच फिरवायचं. जास्त गेलं तर मागं आणायचं न्हाय. पुन्यांदा दोन फेरे पुढं फिरवून यायचं. मागं आणलास तर चेन सैल पडती आणि आकडा खोटं बोलतोय."

एकदा मामानं चुकून बोटभर मागं आणलं होतं. मिस्त्रींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारला. कपाळावरची खूण अजून आहे. मामा ती कौतुकानं दाखवतो.

आता खरी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी चिन्मय आला. टिळकवाडीतला, वडील शाळेत मास्तर, स्वतः डिप्लोमा झालेला. बोलायला गोड, अक्षर सुंदर. वर्षभरात एके दिवशी मिस्त्री स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "चिन्मय, तू बस. तू वाच."

पाना मामाच्या हातातच होता.

त्या दिवशी मामा आमच्या घरी आला. माझी आई त्याची थोरली बहीण. ताटावर बसला आणि उठला. "आक्का, सतरा वरसं मी त्या स्टुलाकडं बघालोय," म्हणाला. "एकदा तरी मिस्त्री म्हणतील, मष्ण्या, तू बस, मी फिरवतो. एकदाच. मला दुसरं काय बी नको होतं गं."

आई म्हणाली, "लहान पोरगं हाय ते. त्याच्यावर काय जळतोस?"

"जळतोय," मामा म्हणाला. "लई जळतोय."

लपवाछपवी नाही माणसाकडं. जळत होता तर जळतोय म्हणाला. त्यानंतर पाच वर्षं तो पाना फिरवत राहिला आणि चिन्मय वाचत राहिला. मामाला चिन्मयचं सगळंच खुपायचं. त्याचा डबा, त्याची पेन्सिल, मिस्त्री त्याला मारत नाहीत ते सुद्धा. मला कधीतरी वाटतं, त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खुणेचं कौतुक त्यातलंच होतं.

चोवीस सालच्या आषाढात मिस्त्री गेले. घरीच, झोपेत, काही त्रास नाही. मागं त्यांची बायको मालुबाई. गॅरेज आता तिचं. तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं, "भांडू नका. निपाणीच्या सूरजचं इंजिन आलंय न्हवं? त्याचं निदान करा. ज्याचं खरं निघंल त्यानं यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची. त्यानंच नारळ फोडायचा. मग त्योच मिस्त्री."

झालं! 

सूरज म्हणजे निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा मुलगा. तिकडच्या माळावर मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. त्याची तक्रार एकच. "सरळ रस्त्याला काय बी तक्रार न्हाय. वळणातनं भाईर पडताना मात्र गाडी उचलतच न्हाय. मेल्यागत होती."

इंजिन मिस्त्रींनीच दोन वर्षांपूर्वी बांधलेलं. वहीत त्यांच्या हातचा आकडा होता. एकशे आठ डिग्री.

सोमवारी दोघांनी मोजलं. मामानं फिरवलं, चिन्मयनं वाचलं.

एकशे बारा.

पुन्हा मोजलं. एकशे बारा. तिसऱ्यांदा. एकशे बारा.

चिन्मयनं डोकं खाजवलं. "चेनचा एक दात सरकला असता तर वीसेक डिग्रीचा फरक आला असता. हा चारचाच आहे. एक तर चेन ताणलीय, नाही तर..."

"न्हाय तर काय?"

"रागावू नका मष्णूअण्णा. तुमचा हात जरा पुढं जात असेल. वय होतं माणसाचं."

मामा तेव्हा चाळीस वर्षांचा होता! त्याच्या अंगाची लाही लाही झाली. बावीस वर्षांत त्या एका चुकीशिवाय त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यानं पाना पुसला, दांड्याला आपलं फडकं गुंडाळलं आणि तसाच बोल्टवर लावून ठेवून घरी गेला.

दुसरा दिवस मंगळवार.

बाराला करंट गेला. माग बंद पडले. मामा जेवायला म्हणून दोन गल्ल्या पलीकडं घरी गेला. पण घास उतरेना. चिन्मय एकटाच इंजिनापाशी काय करत असेल, हेच डोक्यात. अर्ध्या भाकरीवर उठला आणि परत आला.

शटर अर्धं ओढलेलं. गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि आतून आवाज आला...

फुस्स.

मामा थबकला. थोडा वेळ गेला. पुन्हा...

फुस्स.

हा आवाज त्याच्या रक्तातला. मोजताना इंजिनाचे प्लग काढून ठेवतात, म्हणजे फिरवायला हलकं जातं. क्रँक फिरला की पिस्टन वर येतो आणि त्या भोकातून हवा बाहेर पडते. संथ. एखादं जनावर झोपेत श्वास सोडतं तसं.

म्हणजे कुणीतरी फिरवत होतं.

चिन्मयनं दुसराच माणूस आणला! मामाच्या मनात पहिलं हेच आलं. त्यानं वाकून शटरखालून पाहिलं.

चिन्मय स्टुलावर बसलेला. शटरकडं पाठ. हातात पेन्सिल.

"थांबा," चिन्मय म्हणाला. फुस्स थांबलं. "एकशे आठ," चिन्मय पुटपुटला आणि लिहिलं.

मामा गुडघ्यांवर बसला आणि मान आणखी खाली घातली. इंजिनाची दुसरी बाजू दिसली. फिरवणारा जिथं उभा राहतो ती जागा. त्याची स्वतःची जागा.

तिथं कुणी नव्हतं.

पाना फिरत होता...

हळूहळू खाली गेला. तळाशी पोचला. दुसऱ्या अंगानं वर आला. दांड्यावरचं मामाचं फडकं एका जागी आत दबलेलं होतं. चार बोटांनी धरल्यावर दबतं तसं.

आता तुम्हाला वाटेल मामा घाबरला. घाबरला, का नाही घाबरणार?  पण ते घटकाभर. त्यानंतर जे आलं ते भीतीहून वाईट होतं. हे त्यानंच मला सांगितलंय, म्हणून सांगतो.

मिस्त्री आलेत, असं त्याला वाटलं. आणि ते चिन्मयकडं आलेत. चिन्मयला बसवून स्वतः पाना फिरवतायत. बावीस वर्षांत कधी तो पाना न धरलेला माणूस, मेल्यावर त्या पोरासाठी गड्याचं काम करतोय!

मामा तिथंच मातीत बसून रडला. तीन वाजेपर्यंत बसला. आत श्वास चालूच होता. तीनला करंट आला, सगळ्या गल्लीचे माग एका वेळी धडाडले आणि पाना जिथल्या तिथं थांबला.

चिन्मय बाहेर आला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. त्यानं मामाला पाहिलं आणि त्याचा दंडच धरला.

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"मला वाटलं तुम्हीच आलात, अण्णा. मान वर न करता मी थांबा म्हटलं. थांबला. आकडा लिहिला. मग पुन्हा फिरायला लागला. मग मी मान वर केली..." 

"मग उठला का न्हाईस?"

"उठायला गेलो ना, की पाना थांबतो. आणि... वाट बघतो. तो वाट बघतोय हे कळतं. मानेवर कळतं. मग परत बसावंच लागतं." त्यानं कागद पुढं केला. वरपासून खालपर्यंत एकशे आठ. एकशे आठ. एकशे आठ. "सत्तर वेळा, अण्णा. मला भीती वाटतेय हो."

मामाला त्यातलं एकच ऐकू आलं. सत्तर वेळा! आपल्यासाठी एकदा नाही, याच्यासाठी सत्तर वेळा.

"मिस्त्रीच असणार," मामा म्हणाला.

"असतील. आकडा तर त्यांचाच येतोय. म्हणजे टायमिंग बरोबरच आहे. काल तुमचा हातच..." चिन्मयनं जीभ चावली. पण बोलून गेला होता.

संध्याकाळी मामा आमच्याकडं आला. ओसरीवर बसून राहिला. आईनं विचारलं तर एवढंच म्हणाला, "मेला तरी त्याच्याकडंच गेला, आक्का."

बुधवारी मामानं चिन्मयला निपाणीला धाडलं. सूरजकडं तसलीच एक कोरी चेन पडलीय ती घेऊन ये, ताडून बघू, असं निमित्त. चिन्मय सुटल्यासारखा निघाला. दारात मात्र थांबला. "अण्णा, त्या स्टुलावर बसू नका."

मामाला वाटलं, बघा, आत्तापासूनच स्टूल याच्या मालकीचं झालं! दात ओठ खाऊन तो म्हणाला, "तू गाडी पकड."

बारा वाजले. माग थांबले.

मामानं शटर अर्ध्यावर ओढलं. डायल शून्यावर आणला. पान्याचा दांडा वर करून ठेवला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्टुलावर बसला. मिस्त्रींच्या बसण्यानं ते एका बाजूला झिजलेलं होतं.

"मिस्त्री," तो म्हणाला. "मी बसलोय. फिरवा."

काही नाही.

साडेबारा झाले. पाना तसाच.

"मिस्त्री, मी मष्णू हाय."

एक वाजला. बाहेर एक कुत्रं आलं, शटरखालून आत डोकावलं आणि शेपूट घालून मागं गेलं. मामाचा तोल सुटला. पहिल्यांदा विनवण्या केल्या, मग शिव्या घातल्या. "कपाळावर मारलासा तवा मी बरा लागलो! पोरं सोडून, घर सोडून हितं उभा ऱ्हायलो तवा बरा लागलो! आता फिरवा की! एकदा फिरवा की माझ्यासाठी!"

आवाज भिंतीला आपटून परत आला.

आणि मग... दांड्यावरचं फडकं दबलं.

एक बोट. दोन. चार.

पाना हलला.

फुस्स...

मामा सांगतो, त्या वेळचं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डायलचा काटा धूसर दिसत होता. त्यानं बाहीनं डोळे पुसले. काटा चढत गेला. माथ्यावर पोचला. "थांबा!" मामा म्हणाला. पाना थांबला. त्याच्या शब्दावर थांबला!

चकतीवर पाहिलं. एकशे आठ.

पुन्हा. एकशे आठ. तिसऱ्यांदाही एकशे आठ. मामा हसत होता, रडत होता आणि लिहीत होता. त्याचं अक्षर चिन्मयसारखं नाही, पण लिहीत होता.

चौथ्या खेपेला त्याला ते ऐकू आलं.

अगदी बारीक...

टक्.

मामाची पेन्सिल थांबली.

हा आवाज चिन्मयला कधीच कळला नसता. त्यानं जन्मात पाना धरलेला नाही. वाचणाऱ्याची नजर काट्यावर असते, कान कुठं असतात कुणास ठाऊक. फिरवणाऱ्याचं सगळं लक्ष मात्र हातात आणि कानात. आणि माग चालू असते तर मामालाही तो ऐकू आला नसता.

ती चेन होती. सैल पडलेली चेन. क्रँक मागं आणला की असाच आवाज येतो.

पुढच्या खेपेला मामानं काट्याकडं पाहिलंच नाही. त्यानं चकतीकडं पाहिलं. पाना फिरत आला. एकशे सहा, आठ, दहा... एकशे बारा. तिथं काटा माथ्यावर टेकला.

"थांबा."

पाना थांबला. आणि मग अगदी हलकेच, कुणाला कळू नये असा... मागं आला.

टक्.

एकशे आठ.

काटा तसाच माथ्यावर. चेन सैल पडली होती, म्हणून वर कॅम हलला नव्हता. खाली चकती तेवढी चार डिग्री मागं आली होती. हवा तो आकडा दाखवत होती.

म्हणजे एकशे बाराच खरं! मामाचा हात खरा होता. पहिल्या दिवसापासून खरा होता. चेन ताणली होती, टायमिंग चार डिग्री मागं पडलं होतं, म्हणूनच सूरजची गाडी वळणातून उचलत नव्हती. निदान झालं. नारळ मामाचा झाला.

त्यानं आनंदानं तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं.

मिस्त्रींनी कधीच मागं फिरवलं नसतं. बोटभर मागं आणलं म्हणून ज्यांनी मामाचं कपाळ फोडलं, त्यांनी मेल्यावरही नसतं फिरवलं.

मग हे कोण आहे?

"कोण हाय?" मामानं विचारलं.

पाना थांबला. आणि वाट बघायला लागला. चिन्मय म्हणाला होता तसंच. मानेवर कळत होतं.

"कोण हाय म्हणतोय न्हवं?"

फुस्स...

पाना जागचा हलला नव्हता. तरी आवाज आला. आणि तो इंजिनातून आला नव्हता.

मामाच्या डाव्या कानामागून आला होता.

शटर चार पावलांवर होतं. उठून पळायला कितीसा वेळ लागणार? मी मामाला विचारलं, तू उठला का नाहीस? त्यावर तो एवढंच म्हणाला, "पेन्सिल उचलली."

तीनला माग धडाडले तेव्हा वहीची चार पानं भरली होती.

गुरुवारी चिन्मयनं निपाणीहून आणलेली कोरी चेन आणि इंजिनातली चेन शेजारी टांगून पाहिली. इंजिनातली स्पष्ट लांब भरली. "अण्णा, चुकलं माझं," तो लगेच म्हणाला. माणूस म्हणून पोरगं वाईट नव्हतं हो. नवी चेन घातली, कॅमचा गिअर सरकवून टायमिंग लावलं. मोजायची वेळ आली तेव्हा मामा म्हणाला, "आज मी वाचणार. तू फिरव." चिन्मयनं पाना घेतला. पुढंच फिरवला. एकशे आठ. या वेळचं खरं.

रविवारी माळावर गाडी पळाली. सूरज पेढे घेऊन आला आणि मामाच्या पाया पडून म्हणाला, "मिस्त्री, वळणातनं अशी उठती की अंगावर येती!" मामाला कुणी मिस्त्री म्हणण्याची ती पहिली वेळ. खंडेनवमीला मालुबाईनं त्याच्या हातात नारळ दिला. चिन्मयनंच आरतीचं ताट धरलं. दसरा झाल्यावर चिन्मय उद्यमबागेत एका कारखान्यात लागला. पगार बरा आहे, झोप लागते, वजन वाढलंय. त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही.

सगळं मामाच्या मनासारखं झालं. इथं संपायला हवं होतं.

पण जानेवारीत मामी आमच्याकडं आली आणि आईजवळ रडली. मामा दुपारी जेवायला घरी येत नाही. बारा ते तीन शटर अर्धं. कुणाला आत घेत नाही. आलेली इंजिनं तशीच पडून. खंगलाय. आईनं मला पाठवलं.

मी सव्वाबाराला पोचलो. लाईनचं काम कधीच संपलेलं. करंट होता, माग खडखडत होते, कानठळ्या बसत होत्या. मी शटरखालून वाकून आत गेलो.

मामा स्टुलावर बसलेला. एका हातात पेन्सिल, दुसरा वहीवर. दोन्ही हात मला स्वच्छ दिसत होते.

समोर कुठलंसं जुनं इंजिन...

आणि पाना फिरत होता.

मी ओरडलो की नाही आठवत नाही. भिंतीला पाठ लावून तिथंच खाली बसलो. मामानं मागं न बघता हातानं खूण केली, थांब म्हणून. आकडा लिहिला. तीन वाजले तसा पाना थांबला आणि मामानं मला चहा पाजला, जणू काही झालंच नाही. तेव्हाच त्यानं मागांच्या खडखडीत माझ्या कानाशी वाकून हे सगळं सांगितलं. वहीही दाखवली. तिसरी होती. सगळीकडं एकच आकडा.

"मामा," मी म्हणालो, "हे मिस्त्री नव्हेत. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय."

"मग कोण आहे?"

"मला काय ठाऊक?"

"आकडा खोटा आहे. अजून मागं फिरवतंय ते?"

"दर खेपेला फिरवालाय," मामा शांतपणे म्हणाला.

"मग बसतोस कशाला तिथं? शटर पाड, किल्ली मालुबाईला दे, गावाकडं चल. उठ की!"

मामानं माझ्याकडं पाहिलं. आजारी माणसाची नजर नव्हती ती. आपला घास कुणी ओढायला आलंय की काय, अशी होती.

"मी उठलो," मामा म्हणाला, "तर त्यो चिन्मयकडं जाईल."

मी कप खाली ठेवला, चप्पल घातली आणि बाहेर पडलो. त्यानंतर मी वडगावात गेलेलो नाही. आई रोज विचारते, मामा काय म्हणाला रं? मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.